एका चुलीचे वसतिगृह : कर्मवीर भाऊराव पाटील

जून महिन्याच्या अखेरीस शाळा उघडते, तेव्हा आपल्या भागात धानाचे पऱ्हे टाकण्याची घाई असते. ती घाई बाजूला ठेवून पालक मुलांना घेऊन केशोरीला येतात. सोबत लोखंडी पेटी, सतरंजी, ताट-वाटी, पेला आणि बहुधा घरच्या मिरच्यांची एक पुडी असते. मुलगा पेटी ठेवायला आत जातो आणि वडील भिंतीवरचा नियमांचा फलक वाचत उभे राहतात. पहाटेची घंटा, वंदना, खोलीची झाडलोट, अभ्यासाचा तास, जेवणाची रांग, दिवे मालवण्याची वेळ. फलकाच्या शेवटी पाळ्यांचा तक्ता असतो : पाणी कोणी भरायचे, भाजी कोणी चिरायची, भांडी कोणी घासायची. दरवर्षी एखादे तरी वडील त्या तक्त्यापाशी थांबतात आणि अधीक्षकांना बाजूला घेऊन विचारतात, की मुलाला शिकायला पाठवले आहे, मग त्याने भांडी का घासायची?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजाच्या मागच्या पिढ्यांनी गावाची झाडलोट केली, मेलेली गुरे ओढली, वेठबिगार केली. आणि ही कामे कोणत्याही पाळीने नव्हे, तर जन्माने वाट्याला आली. मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो, तिथे वर्ग झाडण्याचा कोणताही लेखी नियम नव्हता. गुरुजी सकाळी फक्त नावे घेत. ती नावे रोज त्याच चार-पाच मुलांची असत आणि ती सगळी मुले एकाच टोलीतून येत. त्या मुलांपैकी मी एक होतो. म्हणून तक्त्यापुढे थांबलेल्या बापाचा राग मला परका वाटत नाही. पण त्याला उत्तर द्यायचे तर एका माणसाचे चरित्र सांगावे लागते.

या स्मरणिकेत महात्मा फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज आणि बाबासाहेब यांच्यावर माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहितीलच. मी कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी लिहीत आहे. ते जन्माने जैन, कोल्हापूर-साताऱ्याकडचे. आपल्या झाडीपट्टीत त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यापुरतेच ठाऊक असते. परंतु वसतिगृहाचा तक्ता जातीची भिंत पाडू शकतो, हे ज्यांनी महाराष्ट्रात रोजच्या व्यवहारातून दाखवून दिले, त्यांत भाऊरावांचे स्थान फार वरचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी, त्यांच्या आजोळी झाला. घराणे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. त्यामुळे बालपण बदल्यांच्या गावांत गेले. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या एका विहिरीचा रहाट या मुलाने मोडून विहिरीत टाकला, अशी त्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली जाते. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली.

त्या वेळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे शहर होते. १९०१ साली शाहू महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि त्यानंतर एकेका जातीचे, एकेका धर्माचे वसतिगृह उभे राहत गेले. प्रत्येक जातीला वेगळे वसतिगृह का, असा आक्षेप आज घेणे सोपे आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, की महाराजांपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. खेड्यातल्या मुलाला शहरात जेवण आणि छप्पर मिळणे ही पहिली गरज होती आणि जातीच्या नावाने पैसा व जागा लवकर उभी राहत होती. पण प्रत्येक वसतिगृहाबरोबर त्या त्या जातीची चूल आणि तिचे विटाळाचे नियमही शहरात आले.

जैन बोर्डिंगचे व्यवस्थापन अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. लठ्ठे हे विद्वान आणि सुधारक वृत्तीचे गृहस्थ. पुढे ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, शाहू महाराजांचे चरित्रही त्यांनी लिहिले. परंतु बोर्डिंगचे नियम धर्माचाराचे होते आणि ते कडक होते. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे आणि मगच जेवणाला बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी आंघोळ करण्यास नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

एका आंघोळीचा हा प्रश्न होता. आपल्याकडच्या मुलाला आज कोणी आंघोळ कर म्हटले, तर त्यात अपमान कसला, असे त्याला वाटेल. आपल्याही फलकावर सकाळच्या आंघोळीचा नियम आहेच. भेद कशासाठी आंघोळ, यात आहे. अंगावरचा मळ काढणारी आंघोळ आरोग्याची असते. दुसऱ्या माणसाचा स्पर्श काढणारी आंघोळ विषमतेची असते. शब्द एक, पाणीही तेच, आणि तरी नियम दोन. विशीतल्या भाऊरावांनी हा भेद ओळखला आणि त्यासाठी डोक्यावरचे छप्पर घालवले, हे मला त्यांच्या नंतरच्या सगळ्या संस्थांचे मूळ वाटते.

औपचारिक शिक्षणात त्यांना यश आले नाही. इंग्रजी सहावीच्या आसपासच ते थांबले. शाहू महाराजांच्या सहवासाचा लाभ त्यांना काही काळ मिळाला. सत्यशोधक विचारांची ओळख पक्की झाली. पुढे साताऱ्यात शिकवण्या करून ते पोट भरू लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. स्वतः परीक्षा पार न केलेला हा मास्तर दुसऱ्यांच्या मुलांना परीक्षांसाठी तयार करत होता.

१९१४ साली कोल्हापुरात एका राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आणला गेला. त्यांना कोठडीत डांबले, छळले. तो छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटी साक्ष दिली नाही. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले, त्याच माणसाविरुद्ध बोलायला ते तयार झाले नाहीत. नियमाशी भांडण असणे आणि माणसाशी वैर असणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. आपल्या चळवळीतही हे भान नेहमी राखले जाते, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी विक्रेता म्हणून काढली. ओगले यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला आणि मतभेदानंतर तुटला. चरित्रकार हा भाग थोडक्यात आटोपतात. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. शेतकऱ्याकडे रोख पैसा कधी असतो आणि खळ्यावर धान्य कधी असते, कोणत्या गावात पाटलाचे ऐकतात आणि कुठे कोणाचेच ऐकत नाहीत, मुलाला शाळेतून काढून ढोरांमागे का पाठवले जाते, हे सगळे त्यांना नांगर विकताना कळले. शिक्षणसंस्था काढणारे पुष्कळ लोक शहरातून खेड्याकडे पाहतात. भाऊराव खेड्यातल्या ओट्यावर बसून शिक्षणाकडे पाहायला शिकले. कंदील विकणारा माणूस पुढे घरोघरी विद्येचा दिवा नेतो, ही उपमा भाषणांत फार वापरून झाली आहे, म्हणून मी ती वापरत नाही. पण कंदिलाच्या विक्रीने त्यांना जिल्ह्यातली वाट न् वाट माहीत झाली, हे खरेच आहे.

दूधगाव येथे मित्रांसोबत विद्यार्थी आश्रमाचा प्रयोग त्यांनी आधी केला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे सातारा येथे आले आणि तिथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू झाले.

साताऱ्याचे नाव येताच आपल्यापैकी प्रत्येकाला दुसरी एक आठवण होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शहरातील सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकावर नोंदले गेले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेतले नियम बाबासाहेबांनी स्वतः नोंदवून ठेवले आहेत : बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यायचे, इतरांपासून वेगळे बसायचे, तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी प्यायचे नाही, आणि शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. हे नियम कोणत्याही फलकावर लिहिलेले नव्हते. ते सर्वांना पाठ होते. त्याच शहरात चोवीस वर्षांनंतर एका घरात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशा मुलांनी एकाच हंड्यातले पाणी प्यावे, हा नियम झाला.

त्या घराची खरी परीक्षा लक्ष्मीबाईंनी दिली. भाऊरावांच्या या पत्नी सुखवस्तू जैन घरातल्या, सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या. पतीने अस्पृश्य मुलांना घरी आणले, तेव्हा त्यांना ते सहज पटले असेल असे मानण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार एका व्याख्यानाने जात नाही. तो रोज भाकरी थापताना, रोज कोणाचे तरी डोके पुसताना, आजारी मुलाच्या उशाशी बसताना जातो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तसेच झाले. वसतिगृह चालवण्यासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतले धान्य संपले आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र देऊन धान्य आणवले. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या नावामागे कर्मवीर ही पदवी लागली. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला फारशी पदवी आली नाही, पण वसतिगृहाची एक चूल आधी त्यांच्या स्वयंपाकघरात पेटली होती.

आता त्या वसतिगृहाच्या दिनचर्येकडे येतो. साताऱ्यात धनिणीच्या बागेत वसतिगृहाचा पसारा वाढला. मुले पहाटे उठत. झाडलोट, पाणी भरणे, सरपण, धान्य निवडणे, स्वयंपाक, वाढणे, भांडी ही सगळी कामे मुलेच पाळीपाळीने करत. नोकर ठेवण्याइतका पैसा नव्हता हे एक कारण. पण पैसा असता तरी भाऊरावांनी ही पद्धत सोडली नसती. सुट्टीच्या वेळी शेतीचे काम, माती-दगड वाहणे, बांधकामाला हात लावणे. दिवसा शहरातल्या शाळेत जायचे, परत येऊन आपल्या कामाची पाळी आणि मग दिव्याखाली अभ्यास. जेवण साधे : ज्वारीची भाकरी आणि आमटी किंवा भाजी. गरिबाच्या मुलाला घरच्यापेक्षा फार वेगळे नाही आणि पाटलाच्या मुलाला घरच्यापेक्षा बरेच हलके. दोघांपुढे ताट मात्र सारखेच येई.

या दिनचर्येत मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती स्वयंपाकाच्या पाळीची. सहभोजनाचे कार्यक्रम त्या काळात अनेक सुधारकांनी केले. एका दिवशी एकत्र जेवायचे, वर्तमानपत्रात बातमी द्यायची आणि संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन वेगळ्या चुलीवर जेवायचे, असे त्यातल्या पुष्कळांचे स्वरूप होते. वसतिगृहात तसे करता येत नाही. आज महार मुलाच्या हातची भाकरी मराठ्याच्या मुलाने खायची, उद्या मराठ्याच्या मुलाने घासलेल्या ताटात महाराच्या मुलाने जेवायचे, परवा दोघांनी मिळून पाणी आणायचे. वर्षातले सगळे दिवस, दिवसातून दोन वेळा. भाषण ऐकून माणूस मान डोलावतो; पण पोटात भूक असताना समोर आलेल्या भाकरीला जात विचारायची नाही, ही सवय वेगळ्या ताकदीची असते. भाऊरावांनी समतेवर ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी तक्ता लावला.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. ज्यांच्या राज्यात भाऊरावांनी जातवार वसतिगृहे पाहिली, त्या शाहू महाराजांचेच नाव बिनजातीच्या वसतिगृहाला मिळाले आणि ते योग्यच झाले. महाराज असते तर त्यांना आनंद झाला असता. या तारखेपुढे आपण आणखी एक तारीख लिहून ठेवावी. त्यानंतर महिनाही पुरता उलटला नव्हता, तेव्हा २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले आणि त्याबद्दल त्यांची डोकी फुटली. मुंबई इलाख्याच्या एका गावात पाणी प्याल्याबद्दल मारहाण होत होती आणि दुसऱ्या गावात एका हंड्यावर सर्व जातींची मुले पाणी पीत होती. भाऊरावांचे घर किती एकाकी होते, हे यावरून समजते. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले ते १९२५ साली. दोघांनाही त्याच सुमारास वसतिगृह हेच साधन हाताशी घ्यावे लागले, कारण शाळेचे दार कायद्याने उघडले तरी गावातल्या मुलाला शहरात रात्र काढायला जागा नव्हती.

भाऊराव गांधीजींना मानत. खादी, लांब दाढी, हातात काठी हा त्यांचा वेष झाला. पुणे कराराच्या वर्षी, १९३२ साली, त्यांनी पुण्यात वसतिगृह काढले आणि कराराची आठवण म्हणून त्याला युनियन बोर्डिंग हाऊस नाव दिले. आंबेडकरी वाचकाला हे नाव खटकेल, मलाही खटकते. बाबासाहेबांनी त्या करारावर सही कोणत्या परिस्थितीत केली, ते आपण विसरू शकत नाही, आणि ज्यात एका बाजूने प्राण पणाला लावून दुसऱ्या बाजूला वाकवले, त्याला ऐक्य म्हणणे मला मान्य नाही. तरीही इतिहास लिहिताना आपल्याला आवडणारी अर्धी पाने ठेवायची आणि उरलेली फाडायची, असे करता येत नाही. भाऊरावांचे राजकीय मत एकीकडे होते आणि त्यांच्या स्वयंपाकघराचे मत, असे म्हणता येत असेल तर, आपल्या बाजूला होते.

पैशाचा मार्ग त्यांनी स्वतःच शोधला. रोख वर्गणी देऊ न शकणारा शेतकरी धान्य देऊ शकतो, हे विक्रेत्याच्या दिवसांत त्यांनी पाहिले होते. खळ्यावर जाऊन ज्वारी मागायची, घराघरातून मूठ मूठ धान्य गोळा करायचे, लाकूडफाटा, भाजीपाला, जागा, श्रम जे मिळेल ते घ्यायचे. गाडगे महाराजांसारखा संत या कामात त्यांचा सोबती झाला. दान देणाऱ्याला त्याचे नाव कोरून हवे असे, तिथे मात्र ते अडून बसत. १९४७ साली साताऱ्यात काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ केली गेली. वडिलांचे नाव एक वेळ बदलेन पण हे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी ती परत पाठवली.

त्याआधी, १९३५ साली, ग्रामीण शिक्षक तयार करण्यासाठी साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले होते. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. आपल्या स्मरणिकेच्या दृष्टीने हे हायस्कूल फार महत्त्वाचे. आतापर्यंत मुले राहत होती एका ठिकाणी आणि शिकत होती दुसऱ्या ठिकाणी. आता शाळा आणि वसतिगृह एक झाले. फी नाही, मुलाने रोज काही वेळ श्रम करायचे आणि त्या श्रमावर शिकायचे. कमवा आणि शिका हे नाव पुढे सगळ्या महाराष्ट्रात पसरले. बापाकडे पैसे नाहीत म्हणून मुलाला शाळा सोडावी लागणार नाही, एवढा त्याचा साधा अर्थ. या वसतिगृहांतून घडलेल्या मुलांची यादी मोठी आहे. शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण मला अशा एका नावापेक्षा, ज्यांची नावे कुठेही छापली नाहीत आणि जे पन्नास-साठ वर्षे एकेका खेड्यात मास्तर म्हणून राहिले, ते अधिक महत्त्वाचे वाटतात.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मला भाग आहे. गरिबांनी आपल्या श्रमावर शिकावे हे तत्त्व गरिबांनी स्वीकारले तर ते स्वाभिमानाचे असते. सरकारने ते सांगितले तर ती जबाबदारी टाळण्याची पळवाट असते. भाऊरावांनी ही पळवाट सरकारला कधी दिली नाही. रयतेचा पैसा रयतेच्या शिक्षणावर खर्च व्हावा, म्हणून ते अनुदानासाठी सतत भांडले. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या धामधुमीत त्यांनी एका भाषणात सरकारवर टीका केली आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने संस्थेचे अनुदान बंद केले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण एका भाषणावर अडले. त्या दिवसांत शिक्षकांनी अर्ध्या पोटी काम केले, गावांनी धान्य दिले, गाडगे महाराजांनी रदबदली केली आणि अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. राज्यघटनेच्या ४६व्या कलमाने दुर्बल वर्गांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची काळजी राज्यावर सोपवली, ती याच्या दीड-दोन वर्षांनंतर. अनुदानाचा हप्ता लांबला की किराणा दुकानदाराच्या वहीत संस्थेचे पान कसे भरत जाते, हे ज्यांनी निवासी शाळा चालवली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प त्यांनी याच काळात केला. १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघाले. डोंगराळ, रस्ता नसलेल्या गावांत शाळा काढण्याचा त्यांचा आग्रह असे. त्या शाळांना इमारत नसे. देऊळ, चावडी, गोठा, जे मिळेल तिथे वर्ग भरे. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जंगलकडच्या गावांत ज्यांनी पहिल्या पिढीत शाळा पाहिली, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

आता पुन्हा तक्त्यापुढे उभ्या असलेल्या वडिलांकडे येतो. आपल्या वसतिगृहात बौद्ध मुले आहेत, गोंड आणि हलबा मुले आहेत, ढिवर, कोहळी, कुणबी घरांतली मुलेही आहेत. तक्त्यात आडनावांच्या क्रमाने नाही, तर खोलीच्या क्रमाने पाळ्या लागतात आणि खोल्या दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतात. ही पद्धत आम्ही भाऊरावांकडून जशीच्या तशी घेतली असे नाही, पण तिच्या मागचा विचार त्यांचा आहे. काम कोणते आहे यापेक्षा ते कोणाच्या वाट्याला आणि कशाच्या जोरावर येते, हे पाहायचे. अधीक्षक त्या वडिलांना तक्ता नीट दाखवतात. पहिल्या आठवड्यात भांड्यांवर कोणती खोली आहे, दुसऱ्या आठवड्यात कोणती. आपल्या मुलाच्या खोलीआधी शेजारच्या खोलीचा आकडा दिसतो. त्या खोलीत कोणाची मुले आहेत ते वडील विचारतात. गावे आणि आडनावे ऐकतात. थोडा वेळ काही बोलत नाहीत आणि मग मुलाला पेटी उघडायला सांगतात.

या तक्त्यात खाडाखोड होत नाही असे नाही. एखादा मोठा मुलगा आपली पाळी लहान मुलावर ढकलतो. कोणाचे वडील गावचे पुढारी असले, तर त्याची पाळी हळूच दुसऱ्याच्या नावावर सरकते. माझ्या लहानपणीच्या शाळेत गुरुजी ज्या सहजतेने तीच चार नावे घेत, ती सहजता कोणत्याही चांगल्या संस्थेत, आपल्याही संस्थेत, मागच्या दाराने परत येऊ शकते. म्हणून मी वर्गशिक्षक असताना महिन्यातून एकदा तक्ता आणि हजेरी समोरासमोर ठेवून तपासत असे. मुले हसत, म्हणत, सर भांड्यांचीही परीक्षा घेतात.

१९५९ साल भाऊरावांच्या आयुष्याचे शेवटचे. त्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. जो विद्यार्थी इंग्रजी सहावीच्या पुढे गेला नव्हता, त्याला. प्रकृती तेव्हा खालावलेली होती. महिन्याभरातच, ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभरावर गेली होती. त्यांची समाधी साताऱ्याला, वसतिगृहाच्या परिसरातच आहे. जेवणाच्या घंटेचा आवाज पोहोचावा इतक्या अंतरावर.